उघाडीचा वाटा

बंद फाटक दिसलं की आमच्या घरमालकांचं डोकं फिरायचं. फाटक कुणाचं, कशासाठी बंद आहे, आपलं तिथे काही काम आहे का, हा विचार नंतर. एकदा दापोड्याच्या गोदामांच्या रस्त्याने त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी चालले होते, तर एका गोदामासमोर त्यांनी करकचून ब्रेक मारला आणि रखवालदाराला विचारलं, "हे कोनासाठी बंद हाय?"

रखवालदार उत्तर प्रदेशातला. तो म्हणाला, "सेठ का ऑर्डर है."

"सेठ आत हाय का बाहेर?"

"बाहर."

"मंग आत कोन हाय?"

"कोई नहीं, चाचा. माल है."

"म्हंजे मालासाठी बंद हाय. मानसासाठी न्हाय. मंग ठीक हाय," असं म्हणून त्यांनी स्कूटरला किक मारली. मला कोर्टात पोचायला उशीर झाला आणि माझ्या पक्षकाराला पुढची तारीख मिळाली.

मी तेव्हा भिवंडीच्या कोर्टात नवीनच वकिली सुरू केली होती. नवीन वकिली म्हणजे पक्षकार कमी आणि ताव जास्त. बहुतेक त्यामुळेच आमचं जमलं. त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊन मी राहत होते. खाली ते आणि त्यांची बायको. मी त्यांना काका आणि काकी म्हणायचे. ते मला वकीलबाई म्हणायचे आणि अहोजाहो करायचे, जरी त्यांची सून माझ्याहून मोठी होती. खाडीकडची त्यांची शेती गोदामांना गेली होती, मुलगा ट्रान्सपोर्टच्या धंद्यापायी पडघ्याला जाऊन राहिला होता, आणि ही दोघं शहरात येऊन घर बांधून राहिली होती.

त्या घराच्या पुढच्या दाराला कडी नव्हती. मी राहायला आल्या आल्या सुताराला बोलावून एक बसवून घेतली. दुसऱ्या दिवशी ती कडी स्क्रूंसकट कागदात बांधून माझ्या उंबऱ्यावर ठेवलेली होती. तणतणत खाली गेले, तर हे शांतपणे चहात बटर बुडवत बसलेले.

"वकीलबाई, चोर आला तर मी बघून घेन. पन कोन अडलेला मानूस आला, तर कडी त्याला काय सांगंल?"

यावर कायद्यात उत्तर नाही. मी माझ्या खोलीला मोठं कुलूप लावलं.

हे वेड वडिलांकडून आलंय, असं ते अभिमानाने सांगायचे. खाडीच्या काठाला भातशेती असते तिथे खारं पाणी आत शिरू नये म्हणून बांध घालतात, आणि शेतात साठलेलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला त्या बांधात एक दार ठेवतात. ती उघाडी. काकांचे वडील गावाच्या उघाडीवर बसायचे. भरतीला बंद करायची, ओहोटीला उघडायची. सगळ्या गावाच्या शेतांतलं पाणी त्या एका दारातून जायचं, आणि त्याबद्दल सुगी झाली की प्रत्येक घरातून पायलीभर भात त्यांना घरपोच यायचा. त्याला वाटा म्हणत. एका पावसाळ्यात गावातला एक बडा माणूस येऊन म्हणाला, आधी माझ्या शेतातलं पाणी काढ, बाकीच्यांचं थोपव. काकांचे वडील म्हणाले, पाण्यावर तुझं नाव कुठं लिहिलंय ते दाखव, तेवढं वेगळं काढतो. त्यावरून मारामारी झाली, वडिलांचा एक दात गेला, पण दार सगळ्यांसाठी सारखंच उघडं राहिलं. काका ही गोष्ट सारखी सांगायचे, आणि दर वेळी त्या बड्या माणसाला एखादी नवी शिवी मिळायची. गोष्ट संपली की म्हणायचे, "उघाडीवर बसनाऱ्यानं पान्याला जात इचारायची न्हाय."

काका साऱ्या जगाशी भांडायचे आणि काकी काकांशी. काकी धवलारीण होत्या. आगरी लग्नात भटजी येतो तो उशिरा. त्याच्या आधी मांडव, हळद, देवांना आवतण, सगळं धवलारीण लावते, आणि ते बोलून नाही, गाऊन. तिचे धवले झाल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. नवरदेवाचा बाप कितीही मोठा गोदामवाला असो, धवलारीण थांब म्हणाली की थांबायचं. काकींचा आवाज असा होता की खालच्या ओट्यावरून त्या कोळणीशी घासाघीस करायच्या, तर समोरच्या यंत्रमागाच्या खडखडाटातही मला वर शब्द न् शब्द कळायचा. मी लहानपणापासून शास्त्रीय संगीत ऐकलेली बाई. मला आधी तो आवाज रांगडा वाटला. नंतर एका हळदीला त्यांना ऐकलं आणि अंगावर काटा आला.

एका पुतणीच्या लग्नात शूटिंगवाल्याने काकींचे सगळे धवले रेकॉर्ड केले. तिथून काकांच्या डोक्यात कॉम्प्युटर शिरला. साठी उलटलेला हा माणूस शाळकरी पोरींच्या शेजारी बसून कॉम्प्युटरचा क्लास करून आला. एका बोटाने टाइप करायचा आणि दर अक्षराला मान वर करून पडद्यावर उमटलं का ते बघायचा. क्लासमध्ये त्यांना कुणीतरी इंटरनेटवरचं शेअरिंग दाखवलं. एक मोठी फाइल असते, तिचे तुकडे अनेकांच्या कॉम्प्युटरवर असतात, ज्याच्याकडे जो तुकडा आहे तो त्याने दुसऱ्याला द्यायचा, घेता घेता देत राहायचं. एवढं ऐकून काका उभे राहिले म्हणे आणि भर वर्गात ओरडले, "आरं, ही तर सावड हाय!"

लावणीच्या दिवसांत आज सगळ्यांनी तुझ्या शेतात राबायचं, उद्या सगळ्यांनी माझ्या, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, ती सावड. काकांना शेअरिंग पहिल्या झटक्यात कळलं. मला ते कळायला दोन वेळा समजवावं लागलं होतं, आणि माझ्याकडे पदव्या होत्या. काकींचे धवले त्यांनी सावडीत सोडले. उरणपासून आखातापर्यंत जिथे जिथे आगरी माणूस कामाला गेला होता, तिथे ते पोचले. शहाण्यांनी सल्ला दिला की सीडी काढा, चार पैसे मिळतील. काकी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "धवला इकायचा नसतो. मांडवात कोन तिकीट लावतं?"

इंटरनेटची लाइन आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याची. तो एका मोठ्या कंपनीची लाइन आणून आम्हाला वाटायचा. आणि सबंध गल्लीची जोडणी जिथून व्हायची तो पेटारा होता आमच्याच गच्चीवर, काकांच्या विजेवर. हे इथेच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे यावरून बरंच रामायण झालं.

त्या पावसाळ्यात काकींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जीव वाचला, समज शाबूत राहिली, पण त्या घराचा आवाजच बंद पडला. काका दवाखान्यातून आले आणि ओट्यावर बसून राहिले. मी चहा दिला तर म्हणाले, "आता मना शिव्या कोन देनार, वकीलबाई?" मी हसायला गेले आणि रडले.

संकटं येतात ती जोडीने. भिवंडीतलं लोडशेडिंग ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. वीज जायची ते जायची, पण येताना सोसाट्याने यायची. अशाच एका झटक्यात काकांचा कॉम्प्युटर जळाला. नवा आणता आला, पण आतली डिस्क गेली ती गेलीच. शूटिंगवाल्याने मूळ टेप केव्हाच दुसऱ्या लग्नाला वापरली होती. ओळखीच्या सगळ्यांना विचारून झालं. कुणी ऐकून पुसून टाकलेलं, कुणाकडे अर्धंमुर्धं. आणि इकडे पडघ्याच्या मुलाच्या मुलीचं, म्हणजे काकींच्या लाडक्या नातीचं लग्न ठरलं होतं. तिला आजीच्याच धवल्यांवर लग्न लावून घ्यायचं होतं, आणि आजी गाऊ शकत नव्हती.

मग एक दिवस काका जिना चढून वर आले, धापा टाकत. "हाय! एकाकडं सगला हाय!"

खाली जाऊन बघितलं. शेअरिंगच्या यादीत जगात कुठेतरी एक कॉम्प्युटर दिसत होता, ज्याच्याकडे धवले पूर्ण होते. नाव नाही, गाव नाही, नुसते आकडे. तो फक्त संध्याकाळी यायचा. बहुधा ड्युटी संपवून घरी येणारा कुणी असावा. काकांनी फाइल मागायला लावली आणि खुर्ची ओढून बसले. पडद्यावर पट्टी असते, जितकं आलं तितकी निळी होते. ती हलेना. रोज संध्याकाळी तो अनोळखी माणूस यायचा, देत बसायचा, आणि आमच्याकडे थेंब थेंब यायचं. काकींची खाट काकांनी मुद्दाम कॉम्प्युटरसमोर सरकवली होती. त्याही ती पट्टी बघत पडून असायच्या.

काकांनी केबलवाल्याला बोलावलं. तो बिचारा स्वभावाने सरळ. चप्पल काढून आत आला, काकींना सलाम केला आणि म्हणाला, "काका, मेरे हाथ में कुछ नहीं. ये शेअरिंग को कंपनी शाम को दबा देती है. ऊपर से. बाकी सब फास्ट है. मेल देखो, फोटू देखो."

"का दाबते?"

"पब्लिक पिक्चर उतारती है फुकट में. लाइन जाम होती है."

"मी पिक्चर उतारतो का?"

"मशीन को क्या मालूम, काका? शेअरिंग दिखा कि दबा दिया."

काकांनी पडद्यावरच्या न हलणाऱ्या पट्टीकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "म्हंजे तुजी कंपनी पान्याला जात इचारते."

गल्लीत ही बातमी पसरली आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर माणसं जमली. त्यातले अर्धे खरोखरच फुकट सिनेमे उतरवणारे, हे मी शपथेवर सांगू शकते. सगळ्यांचं एकच म्हणणं: पेटारा तुमच्या गच्चीवर आहे, बटण तुमच्या हातात आहे. बंद करा. कंपनी धावत येईल. मलाही तेच वाटत होतं. मी तर म्हटलं, काका, कायदेशीर आहे, वीज तुमची, गच्ची तुमची.

काका खवळले. "बटन माज्या हातात हाय म्हनून मी दाबू? मंग त्या कंपनीत नि माज्यात फरक काय? हितून पोरांचे अभ्यास जातात, मागवाल्यांची डिझाइनं जातात. माजं भांडन हाय म्हनून त्यांचं पानी तुंबवू? चला, घरी जावा."

माणसं कुरकुरत गेली. मी राहिले आणि म्हटलं, मग ठाण्याला चला. माझ्या भावाकडे दुसऱ्या कंपनीची लाइन आहे, तिथे हे दाबत नाहीत. दोन-तीन संध्याकाळींत धवले हातात येतील.

"आनि हितली उघाडी?"

"ती कुठे पळून जातेय? आधी काकींची गाणी आणू."

"एकदा मागल्या दारानं काम झालं ना वकीलबाई, की पुढलं दार कोन उघडत न्हाय. तुमी कागद करा. ह्यांच्या वर कोन तरी बसलेला आसंल ना?"

होता. टेलिफोन-इंटरनेटच्या कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था दिल्लीत होती. काका तिला दिल्लीचा उघाडीवाला म्हणायचे. मी तक्रार लिहिली. सांगितलेला वेग द्यायला हवा असा नियम सापडला, पण एका प्रकारची वाहतूक सोडायची आणि दुसरी दाबायची, याबद्दल हो नाही की नाही नाही. सगळा कारभार मोघम. मी तसं लिहिलं, पाठवलं आणि विसरून जायच्या तयारीत होते, तर उत्तर आलं: मुंबईत ग्राहकांशी खुली चर्चा आहे, म्हणणं मांडायला या.

काकांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. हातात एक जड पिशवी होती. मी समजले डबा असेल.

सभागृह थंडगार. एका बाजूला कंपन्यांची टाय लावलेली माणसं, एका बाजूला आम्ही ग्राहक, समोर टेबलामागे दिल्लीचे अधिकारी. आमची पाळी आली तशी मी उठले, पण काका माझ्याही आधी टेबलापाशी पोचले होते. त्यांनी पिशवी उघडली, एक कापडी पुरचुंडी काढली आणि अधिकाऱ्यांपुढे ठेवली. पायलीभर तांदूळ.

अधिकारी दचकून खुर्चीत मागे सरकले. "ये क्या है?"

"वाटा हाय, सायेब. उघाडीवाल्याचा."

कंपन्यांच्या बाकांवर हशा पिकला. एक जण मोठ्याने म्हणाला, "सर, ही तर उघड उघड लाच आहे." मला धरणी दुभंगावी असं झालं. वकिलीची सनद डोळ्यांपुढे नाचली. मी पुढे होऊन पुरचुंडी उचलायला गेले, तर काकांनी माझा हात बाजूला केला आणि त्या हसणाऱ्याकडे वळले.

"लाच एकटा देतो, टेबलाखालून. आनि एकट्याचं काम करून घेतो. ह्यो वाटा सगल्यांच्या देखत दिलाय, सगल्यांच्या कामासाठी. आमच्यात उघाडीवाला असाच पोसतात. गावानं पोसला, तर तो गावाचा न्हातो. तुमी पोसला, तर तुमचा होईल."

हशा थांबला. टेबलामागचे अधिकारी हिंदी भाषिक होते, पण त्यांच्या शेजारी बसलेल्या बाई मराठी होत्या. त्यांनी हळूच भाषांतर करून सांगितलं. मग कंपनीच्या माणसाने आपली बाजू मांडली, आणि ती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. मूठभर लोक शेअरिंग करतात आणि सगळी लाइन खातात, म्हणाला. त्यांच्या गाण्यांपायी कुणा बँकेचं, कुणा दवाखान्याचं काम अडावं का? शिवाय हा बहुतेक चोरीचाच माल असतो.

काका म्हणाले, "गर्दी झाली तर सगल्यांना थोडं थोडं हलू करा. मी तोंड उघडनार न्हाय. पावसाचा जोर आसला की सगल्यांचंच पानी तुंबतं. पन थैली उघडून बघायची, ही तुजी, ही त्याची, हिला सोड, हिला धर, हे दारावर बसनाऱ्याचं काम न्हाय. चोर धरायला पोलीस हायत. नि माज्या बायकोनं आपल्या गल्यातनं काढलेला धवला चोरीचा कसा, ते सांग ना!"

त्या मराठी बाईंनी विचारलं, "तुमची मागणी नेमकी काय आहे?"

"नियम."

"तुमच्या लाइनपुरता तोडगा निघाला तर?"

"तोडगा नको, बाई. नियम."

म्हणणं नोंदवून घेतलं, असं सांगण्यात आलं. तांदूळ कुणी घेईना, आणि काकाही परत घेईनात. दिलेला वाटा परत न्यायचा नसतो म्हणाले. आम्ही निघालो तेव्हा ती पुरचुंडी तशीच टेबलावर होती आणि दिल्लीचे अधिकारी तिच्याकडे संशयाने बघत होते.

आठवडा गेला आणि केबलवाला आला. चेहरा फुललेला. "काका, काम हो गया! कंपनी बोली, बुजुर्ग आदमी है, उसका लाइन खोल दो. सिर्फ तुमचा. कोणाला बोलू नका. आज शाम को बटन दाबतो, काकीचे गाणे सगळे येतील."

मी टाळीच वाजवली. लग्न तोंडावर आलं होतं. मी काकांकडे बघितलं, तर त्यांनी मान खाली घातली होती. हा माणूस नाही म्हणणार, हे मला कळलं.

"फक्त माजी?"

"फक्त तुम्हारी."

मी ओरडलेच. "काका, आता हट्ट पुरे! खाटेवर कोण पडलंय ते बघा. गल्लीसाठी नंतर भांडू, मी भांडेन, फुकट भांडेन. पण हे घ्या."

काका खाटेपाशी गेले. काकींच्या कानाशी वाकले. "काय गो? एकट्यासाठी उघडतायत. घेऊ?"

काकींनी नाही म्हणून इतक्या जोरात मान हलवली की डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. मग डाव्या हाताने तो सारखा करत त्यांनी केबलवाल्याला बसायची आणि मला चहा टाकायची खूण केली. बिनवाचेची बाई, पण घरात हुकूम तिचाच. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली आणि त्या दोघांच्या नावाने जेवढी बोटं मोडता येतील तेवढी मोडली.

मग नातीच्या लग्नाचं काय? ते काकींनीच पाहिलं. पडघ्याहून नात आली, तिच्या दोघी चुलतबहिणी आल्या, गावाकडच्या सुना आल्या. प्रत्येकीला आपल्या आत्याकडून, मावशीकडून काहीबाही येत होतं. त्या काकींच्या खाटेभोवती बसून गायला लागल्या. काकींच्या मांडीवर पितळी टोप, डाव्या हातात पळी. चुकलं की टोपावर पळी. कुठे चुकलं ते सांगता येत नव्हतं. पोरी पुन्हा म्हणायच्या, वेगळं म्हणून बघायच्या. टण्ण. पुन्हा. टण्ण. एखादी रडकुंडीला यायची. आणि मग कधीतरी ओळ पुढे जायची आणि पळी वाजायची नाही, तेव्हा पोरी एकमेकींकडे बघून हसायच्या आणि आणखी जोरात गायच्या. वर माझ्या खोलीत माझ्या दाव्याचे कागद तसेच पडून राहायचे. असं ओळीओळीने सबंध लग्न उभं राहिलं.

लग्न मजेत लागलं. मांडवात काकी खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर टोप. अख्ख्या लग्नात पळी एकदाच वाजली, आणि ती पोरींसाठी नाही, मध्येच सुरू झालेल्या बँडवाल्यासाठी.

परतताना मी काकांना म्हटलं, आता झालं ना? गाणी पोरींना आली. आता कशाला हवी ती फाइल आणि ते भांडण?

"लगीन झालं. नियम झाला का?"

नियम नव्हता झाला. पण आम्ही दिल्लीला आणखी कागद पाठवत राहिलो, ओट्यावरची माणसं सह्या करत राहिली, आणि एका संध्याकाळी कुणी काही न सांगता सबंध गल्लीचं शेअरिंग धावायला लागलं. कंपनीने मान्य केलं नाही, की आधी दाबत होतो. मान्य केलं नाही, की आता सोडलंय. केबलवालाही खांदे उडवून म्हणाला, "ऊपर से है." गल्लीत पोरांनी फटाके लावले. काका तेवढे खूश दिसेनात. "गुपचूप उघडलं ते गुपचूप बंद करतील. वकीलबाई, लिहा: लेखी द्या," असं म्हणून त्यांनी मला पुढची तक्रार सांगायला घेतली. मी ती लिहिली. त्यानंतरच्याही लिहिल्या. तिथे राहत होते तोवर लेखी काही आलं नाही, आणि काकांनी मागणं सोडलं नाही.

त्या संध्याकाळी ती तक्रार सांगता सांगता त्यांचा डोळा पडद्यावर होता. पट्टी निळी होत होती. तो अनोळखी माणूस अजून रोज येत होता, न कंटाळता देत होता. पट्टी पूर्ण झाली तेव्हा काकांनी मला लिहिणं थांबवायला सांगितलं. नात माहेरपणाला आजीकडे आली होती, तिला बोलावलं. काकींच्या पाठीशी उशी लावली. आणि धवला सुरू केला.

काकींचा आवाज त्या खोलीत आला. तोच, ओट्यावरून समोरच्या मागांना गप्प करणारा. नातीने तोंडावर पदर धरला. काकी स्वतःचा आवाज ऐकत ताठ बसल्या होत्या, कपाळाला आठी. देवांना आवतण देणारा धवला चालू होता. एकेका देवाचं नाव घेऊन मांडवात बोलवायचं असतं. मध्येच काकींनी चाचपडत टोप ओढला आणि पळी मारली.

टण्ण.

आम्ही चपापलो. नातीने कॉम्प्युटर थांबवला, मागे नेला, पुन्हा लावला. त्याच जागी पुन्हा पळी. मग नातीच्या लक्षात आलं. "आजे, तू हितं तीन देव गाललेस! आमाला तर तू म्हनायला लावलेस." काकींनी मान डोलावली आणि डाव्या हाताने घड्याळ दाखवल्यासारखं केलं. शूटिंगवाल्याने त्या दिवशी घाई केली असणार, आणि आयुष्यात एकदा काकींनी कुणाचं तरी ऐकलं असणार.

काका डोक्याला हात लावून बसले. "दिल्लीपरत भांडलो गो मी ह्याच्यासाठी! नि तू बोलतेस चुकलंय!" नात हसत सुटली, मीही. काकी हसल्या नाहीत. त्यांनी पळी कॉम्प्युटरकडे रोखली आणि हवेत आडवी फिरवली. काढून टाक.

"पोरींचं बरोबर हाय," काका म्हणाले. "ते सावडीत घालू."

काकींनी पुन्हा पळी फिरवली. तो जुना. पुसून टाक.

"न्हाय."

टण्ण.

"वाजव किती वाजवायचं ते. मी न्हाय पुसनार." त्यांचा आवाज चढला. काकींपुढे त्यांचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "धवला पोरींचा खरा. पन यो तुजा गला हाय. चुकला तर चुकला. मना पायजे."

काका उठले, त्यांनी एका बोटाने धवला पहिल्यापासून लावला, आवाज मोठा केला आणि खाटेवर काकींच्या शेजारी जाऊन बसले. एकेक देव मांडवात यायला लागला. ती जागा आली. तीन देव तसेच बाहेर राहिले, गाणं पुढे गेलं, आणि काकींनी पळी उचलली नाही.